एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर : सॉफ्टवेअरची सुवाह्यता

या स्मरणिकेच्या वाचकांमध्ये संगणकाच्या व्यवसायात स्थिरावलेले माजी विद्यार्थी आहेत. तसेच संगणक केवळ कार्यालयातील किंवा मुलांच्या हातातील साधन म्हणून पाहिलेले पालक आणि हितचिंतकही आहेत. दोघांनाही उपयोगी पडेल असा एक विषय आम्ही या लेखासाठी निवडला आहे. एका कार्यप्रणालीसाठी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमसाठी, लिहिलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या कार्यप्रणालीवरही नीट चालावे यासाठी काय करावे लागते, हा तो विषय होय. या गुणाला इंग्रजीत पोर्टेबिलिटी म्हणतात. मराठीत आपण त्याला सुवाह्यता म्हणू.

विषय तांत्रिक आहे, परंतु त्याचे परिणाम सर्वांच्या वाट्याला येतात. एखाद्या संस्थेचा पंधरा वर्षांचा जमाखर्च एकाच जुन्या संगणकावरील एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडत असेल आणि तो संगणक एके दिवशी कायमचा बंद पडला, तर नोंदी डिस्कवर असूनही नसल्यासारख्या होतात. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलाला जो संगणक मिळतो तो त्याने निवडलेला नसतो. कोठे जुनी विंडोज असते, कोठे लिनक्स, तर कोठे केवळ अँड्रॉइडचा मोबाइल. अभ्यासाचे सॉफ्टवेअर यांपैकी एकावरच चालत असेल, तर इतरांसाठी तो अभ्यास उपलब्धच नाही. ज्याला यंत्र निवडण्याचे स्वातंत्र्य नसते, त्याला सुवाह्यतेची गरज सर्वांत अधिक असते.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : आपली आज्ञावली कोणकोणत्या गोष्टी गृहीत धरून चालते हे ओळखणे, ती गृहीतके एका जागी गोळा करणे आणि शक्य तेथे सर्वमान्य मानकाचा आधार घेणे, या तीन कामांतून सुवाह्यता साधते. काम पूर्ण झाल्यावर ती वरून चिकटवता येत नाही.

आज्ञावली कार्यप्रणालीवर का अवलंबून असते?

संगणकातील डिस्क, पडदा, कळफलक, स्मृती ही साधने आज्ञावली थेट हाताळत नाही. फाइल उघडायची असो वा पडद्यावर अक्षर उमटवायचे असो, ती कार्यप्रणालीकडे मागणी नोंदवते आणि कार्यप्रणाली ते काम करून देते. बँकेत आपण तिजोरीला हात लावत नाही, खिडकीवर पावती भरून देतो, तसाच हा व्यवहार असतो. अडचण अशी की प्रत्येक बँकेची पावती निराळी असते. विंडोजकडे फाइल मागण्याची रीत वेगळी, लिनक्सकडे मागण्याची वेगळी. त्यामुळे एकीच्या पावत्या भरण्यास सरावलेली आज्ञावली दुसरीच्या खिडकीवरून परत पाठवली जाते.

याखेरीज प्रक्रियकाची, म्हणजे प्रोसेसरची, भाषाही यंत्रागणिक बदलते. परंतु हा भेद तुलनेने सोपा आहे. उच्चस्तरीय भाषेत लिहिलेल्या मजकुराचे त्या त्या प्रक्रियकाच्या भाषेत रूपांतर कंपायलर करतो. कार्यप्रणालींमधील भेद मात्र कंपायलर पुसू शकत नाही, आणि खरी कसोटी तेथे लागते.

युनिक्सचा धडा

या विषयाचा इतिहास युनिक्स या कार्यप्रणालीपासून सुरू करणे योग्य ठरेल. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहान संगणकावर तिची उभारणी सुरू केली. त्या काळी कार्यप्रणाली यंत्राच्या स्वतःच्या भाषेत, म्हणजे असेंब्लीत, लिहिण्याचा प्रघात होता. यंत्र बदलले की कार्यप्रणाली पुन्हा आरंभापासून लिहावी लागे. रिची यांनी सी ही भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा या भाषेत पुन्हा लिहिला गेला. तेव्हा युनिक्स पीडीपी-११ वर चालत होती.

सी भाषेत लिहिल्याने ती लगेच सुवाह्य झाली असे मात्र घडले नाही. सीमध्ये लिहिलेल्या आज्ञावली इतर संगणकांवर नेताना असे दिसून आले की यंत्रापेक्षा तेथील परकी कार्यप्रणालीच अधिक आडवी येते. तेव्हा प्रत्येक आज्ञावली नव्या कार्यप्रणालीला जुळवत बसण्यापेक्षा कार्यप्रणालीच सोबत नेली तर काय, असा विचार पुढे आला. १९७७ च्या सुमारास स्टीव्ह जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी त्यासाठी इंटरडेटा ८/३२ हे यंत्र निवडले. पीडीपी-११ सोळा बिटांचे, तर हे बत्तीस बिटांचे. दोहोंची घडण वेगळी. त्याच काळात ऑस्ट्रेलियातील वुलुंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी स्वतंत्रपणे इंटरडेटा ७/३२ वर युनिक्स आणली.

स्थलांतर सुरू होताच मूळ मजकुरात दडलेली गृहीतके एकेक करून उघडी पडली. पीडीपी-११ वर पूर्णांक आणि स्मृतीतील पत्ता हे दोन्ही सोळाच बिटांचे असल्यामुळे लिहिणाऱ्यांनी एकाच्या जागी दुसरा सर्रास वापरला होता. जुन्या यंत्रावर ते चालून गेले होते. ही सैल जागा भरण्यासाठी सी भाषेची प्रकारव्यवस्था अधिक काटेकोर करण्यात आली, आणि मजकुरातील संशयास्पद जागा दाखवणारे लिंट नावाचे साधन जॉन्सन यांनी तयार केले. एका यंत्रावर बिनचूक चालणारी आज्ञावली बरोबर आहे की नाही, हे दुसरे यंत्र सांगते. आमच्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाचा बोध हाच होय.

दडलेली गृहीतके

आजचा विद्यार्थी रोज ज्या गृहीतकांना अडखळतो, त्यांतील काही येथे पाहू.

पहिले, ओळीचा शेवट. मजकुराच्या फाइलमध्ये ओळ संपली हे दर्शवण्यासाठी युनिक्स आणि लिनक्समध्ये १० क्रमांकाचे एकच चिन्ह वापरतात. विंडोज १३ आणि १० अशी दोन चिन्हे वापरते. मॅकच्या जुन्या प्रणालीत केवळ १३ वापरत. म्हणूनच लिनक्सवर लिहिलेली फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली की सारा मजकूर एकाच लांबलचक ओळीत दिसे. नोटपॅडमधील ही उणीव २०१८ मध्ये दूर झाली.

दुसरे, फाइलचे नाव आणि तिचा मार्ग. फोल्डरची नावे विलग करण्यासाठी विंडोजमध्ये उलटी तिरकी रेघ रूढ आहे, तर लिनक्स व मॅकमध्ये सुलटी. लिनक्समध्ये इंग्रजी मोठे आणि लहान अक्षर भिन्न मानले जाते. विंडोज आणि मॅक सामान्यतः तसा भेद करत नाहीत. एका ठिकाणी मोठ्या अक्षराने आणि दुसऱ्या ठिकाणी लहान अक्षराने लिहिलेले चित्राचे नाव विद्यार्थ्याच्या विंडोज संगणकावर खपून जाते. तोच प्रकल्प लिनक्सच्या सर्व्हरवर चढवला की चित्र दिसेनासे होते.

तिसरे, संख्येचा आकार. सी भाषेतील लाँग हा पूर्णांक ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा असतो, परंतु ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचाच राहतो. भाषा एक, प्रक्रियक एक, तरी आकार निराळा. याच जातीचा प्रश्न वेळेच्या मोजणीत आहे. युनिक्सच्या परंपरेत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ही मोजणी चिन्हासह ३२ बिटांत साठवली, तर ती भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरून जाईल आणि पुढच्या सेकंदाला तारीख मागे, १९०१ मध्ये, उडी घेईल. नव्या प्रणालींनी ६४ बिटांचा अवलंब केला आहे. जुन्या फाइली आणि जुनी उपकरणे यांचा प्रश्न शिल्लक आहे.

चौथे, बाइटांचा क्रम. मोठी संख्या साठवताना काही यंत्रे कमी मोलाचा बाइट आधी ठेवतात, काही अधिक मोलाचा. पीडीपी-११ आणि इंटरडेटा यांच्यात हाच भेद होता. दोन-दोन बाइटांच्या जोड्या उलटल्या गेल्या तर युनिक्स या इंग्रजी शब्दाची यू, एन, आय, एक्स ही अक्षरे एन, यू, एक्स, आय अशी होतात. त्यामुळे या अडचणीला संगणकाच्या जगात 'नक्सी' असे गमतीदार नाव पडले आहे.

या चारही उदाहरणांत आज्ञावली लिहिणाऱ्याने काही चुकीचे लिहिले असे वाटत नाही. स्वतःच्या यंत्रावर जे दिसते ते सगळीकडे तसेच असणार, एवढेच त्याने मानलेले असते.

तीन मार्ग

या भेदांवर संगणकशास्त्राने प्रामुख्याने तीन उपाय शोधले.

पहिला मार्ग मानकाचा. युनिक्स लोकप्रिय झाल्यावर तिच्या शाखा फुटल्या. एटी अँड टीची एक, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची दुसरी, शिवाय प्रत्येक उत्पादकाची आपापली. त्यांच्यातील समान भाग निश्चित करण्यासाठी १९८८ मध्ये पॉझिक्स हे मानक प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी, १९८९ मध्ये, सी भाषेचेही अमेरिकी मानक आले. मानकात जे सांगितले आहे तेवढेच वापरायचे, असा संयम पाळला तर आज्ञावली अनेक प्रणालींवर फारसा बदल न करता उभी राहते. लिनक्स आणि मॅक हे मानक मोठ्या प्रमाणात पाळतात. विंडोजची मूळ रीत मात्र वेगळी आहे.

दुसरा मार्ग मधल्या यंत्राचा. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जाहीर केलेल्या जावा भाषेत आज्ञावलीचे रूपांतर कोणत्याही खऱ्या प्रक्रियकाच्या भाषेत न करता एका कल्पित यंत्राच्या भाषेत करतात. ते कल्पित यंत्र प्रत्येक प्रणालीवर सॉफ्टवेअरच्या रूपाने बसवलेले असते. एकदाच लिहावे आणि कोठेही चालवावे, असा या भाषेचा गाजावाजा झाला आणि तो बऱ्याच अंशी खराही ठरला. तथापि मधले यंत्र लिहिणाऱ्याच्या मनातील गृहीतके काढू शकत नाही. जावामध्येही कोणी फाइलचा मार्ग उलटी तिरकी रेघ देऊन हाताने लिहिला, तर ती आज्ञावली लिनक्सवर अडकतेच.

तिसरा मार्ग पातळ थराचा. आज्ञावलीतील कार्यप्रणालीशी बोलणारा भाग वेगळा काढून एका थरात ठेवायचा आणि उरलेल्या आज्ञावलीने केवळ त्या थराशी बोलायचे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये निर्माण केलेले एसक्यूलाइट. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्ही प्रकारच्या मोबाइलमध्ये ते असतेच. त्यात कार्यप्रणालीशी होणारा व्यवहार एका निश्चित थरात बंदिस्त केलेला आहे. युनिक्स-वर्गासाठी एक भाग, विंडोजसाठी दुसरा. नवी प्रणाली आली तर तेवढाच भाग नव्याने लिहायचा. शिवाय त्याच्या फाइलमधील बाइटांचा क्रम ठरवून दिलेला असल्यामुळे एका यंत्रावरची फाइल दुसऱ्या घडणीच्या यंत्रावर नुसती उचलून नेली तरी उघडते. आज्ञावलीबरोबर तिची माहितीही सुवाह्य असली पाहिजे, हे येथे ध्यानात घ्यावे.

आरंभी सुवाह्य नसलेली गोष्ट पुढे सुवाह्य होऊ शकत नाही, असे नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या कार्यप्रणालीची वार्ता दिली, तेव्हा ती इंटेलच्या ३८६ प्रक्रियकाला जखडलेली असून सुवाह्य नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यास तीच लिनक्स अल्फा या ६४ बिटांच्या प्रक्रियकावर नेताना यंत्रावलंबी भाग इतरांपासून वेगळा काढला गेला. आज ती मोबाइलपासून महासंगणकापर्यंत सर्वत्र आहे. ते काम उशिरा झाले, तरी करावे लागलेच.

मराठी मजकुराची सुवाह्यता

आपल्या वाचकांना जवळचा असा या विषयाचा भाग म्हणजे मराठी मजकूर. अनेक वर्षे मराठी छपाईचे काम अशा फॉन्टांवर चालले, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृत्या बसवलेल्या असत. कृतिदेव या परिचित फॉन्टात 'मराठी' हा शब्द लिहिला, तर संगणकात प्रत्यक्ष साठतात ती ई, जे, के, बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे. फॉन्ट जागेवर असेपर्यंत डोळ्यांना मराठी दिसते. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर उरतो तो अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढिगारा. जुन्या स्मरणिका, अहवाल, हस्तलिखितांच्या टंकलिखित प्रती आज अनेक संस्थांकडे या अवस्थेत पडून आहेत. कागदावरची प्रत वाचता येते, संगणकातली वाचता येत नाही.

युनिकोडने यावर उपाय दिला. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट आहे आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. 'म' चा क्रमांक २३५०. फॉन्ट बदलला तरी क्रमांक बदलत नाही, त्यामुळे अक्षर 'म' च राहते. हे क्रमांक बाइटांत कसे मांडायचे याची यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्यासह ज्यांनी आखली, ते केन थॉम्पसन म्हणजे युनिक्सचेच जनक होत. या पद्धतीत बाइटांच्या क्रमाचा वादच उद्भवत नाही. 'मराठी' शब्दाची पाच चिन्हे यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट व्यापतात.

तरीही सावधपणा सुटता कामा नये. विंडोज आपल्या अंतर्गत व्यवहारात यूटीएफ-१६ वापरते, लिनक्समध्ये यूटीएफ-८ रूढ आहे. एक उदाहरण तर खास मराठीचे आहे. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' अशा शब्दांतील 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकच चिन्ह म्हणून, अथवा 'र' आणि त्याखालील नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. दिसायला दोन्ही सारखेच. पहिला तीन बाइटांचा, दुसरा सहा. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावे साठवताना अशा अक्षराची फोड करी. २०१७ पासून तिची जागा घेणारी नवी व्यवस्था नाव दिले तसे जपते. जुन्या मॅकवर 'दुसऱ्या सत्राचा निकाल' या नावाने ठेवलेली फाइल लिनक्सवर आणली आणि आज्ञावलीने तेच नाव एकसंध 'ऱ' ने शोधले, तर समोर असलेली फाइल सापडत नाही. मराठीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने तुलनेपूर्वी दोन्ही नावे एकाच रूपात आणावीत. ही जाण मराठी भाषकाला असणार. इतरांना ती सहज सुचणार नाही.

विद्यार्थ्यांसाठी आणि संस्थांसाठी

सुवाह्यतेची किंमतही असते, हे मान्य केले पाहिजे. दोन प्रणालींवर चालवायचे तर तपासणी दुप्पट होते. एखाद्या प्रणालीची खास सोय सोडून द्यावी लागते. एका विशिष्ट यंत्राचा छापयंत्रचालक लिहिणाऱ्याने सर्व प्रणालींचा विचार करावा असे आम्ही म्हणणार नाही. किती सुवाह्यता हवी हे समजून उमजून ठरवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जे विद्यार्थी संगणकशास्त्राकडे वळले आहेत त्यांनी काही सवयी आरंभापासून लावून घ्याव्यात. प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात तो दुसऱ्या एका कार्यप्रणालीवर चालवून पाहावा. शेवटच्या आठवड्यात तो प्रयोग महाग पडतो. फाइलचा मार्ग हाताने न जोडता भाषेने दिलेल्या साधनांनी जोडावा. फाइलींची इंग्रजी नावे सरसकट लहान अक्षरांत ठेवावीत. पायथनमध्ये मजकुराची फाइल उघडताना यूटीएफ-८ असा स्पष्ट उल्लेख करावा. तो न केल्यास विंडोजवर वेगळी पद्धत गृहीत धरली जाण्याचा संभव असतो आणि मराठी मजकूर बिघडतो. सीमध्ये आकार महत्त्वाचा असेल तेथे निश्चित आकाराचे पूर्णांक वापरावेत. कार्यप्रणालीशी बोलणारा भाग, तो कितीही लहान असो, वेगळ्या फाइलीत ठेवावा.

संस्थांच्या कार्यकर्त्यांनी आणि पालकांनी आज्ञावली लिहिण्याची गरज नाही, परंतु नवे सॉफ्टवेअर घेताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. आमच्या नोंदी इतर सॉफ्टवेअर वाचू शकेल अशा खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतात का? मराठी मजकूर युनिकोडमध्ये साठतो का? हा संगणक बंद पडला तर वेगळ्या प्रणालीच्या संगणकावर काम पुढे चालेल का? उत्तरे केवळ तोंडी न घेता एकदा प्रत्यक्ष करून दाखवण्यास सांगावे. ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टांतील मजकूर आहे त्यांनी, तो फॉन्ट चालवणारा संगणक अजून सुरू आहे तोवर, तो युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा आणि मूळ कागदाशी ताडून पाहावा. रूपांतराच्या साधनांकडून जोडाक्षरांत आणि ऱ्हस्व-दीर्घात चुका होतात, म्हणून ही तपासणी माणसानेच केली पाहिजे. या कामी शाळेतील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांची मदत घेतल्यास संस्थेचे दस्तऐवज वाचतील आणि त्या मुलांना सुवाह्यतेचा पहिला पाठही मिळेल.